सोबतच्या माणसाने आत यावे

बाळंतपण हे दोघांचं असतं, असं शास्त्र सांगतं. एक बाळाचं आणि दुसरं नातेवाइकांचं. या दोघांना जोडणारी एक तिसरी व्यक्ती मध्ये असते आणि तिच्याकडेही शास्त्राचं लक्ष असतंच. पण नऊ महिने तिच्याकडे टक लावून पाहिल्यामुळे शास्त्राचे डोळे दमलेले असतात. बाळ बाहेर आलं की ते साहजिकच बाळाकडे वळतात. यात कुणाचाही दोष नाही. पार्सल हातात पडल्यावर खोक्याची विचारपूस करत बसलेला माणूस निदान आमच्या पाहण्यात नाही.

या शहरातलं प्रसूतिगृह मात्र इतरांच्या फार पुढे होतं. तिथं बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात 'माता-बालक तपासणी' होत असे. नावात माता आधी येते, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. तपासणीही कसून होई. बाळाचे कपडे काढून त्याचं वजन करत, डोक्याचा घेर मोजत, टाळू चाचपत, डोळ्यांत बॅटरी मारत, कानाशी खुळखुळा वाजवत, पाय फाकवून खुब्याचे सांधे फिरवून बघत. तळपायाला गुदगुल्या करून बोटं पसरतात का, तेसुद्धा पाहत. यानंतर बाळाला पुन्हा कपडे चढवले जात असताना मातेची तपासणी उरकली जाई. ती अशी:

"बाकी काही?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्यात टाके, पाठ, ओटीपोट, लघवी, संडास, झोप, मन आणि पुढचं सगळं आयुष्य येतं. अनेक वर्षांच्या अनुभवानं तो दोन शब्दांवर आणलेला होता. (पूर्वी तो "बाकी काही त्रास?" असा तीन शब्दांचा होता, पण 'त्रास' हा शब्द ऐकला की काही बायकांना त्रास आठवत असे.) उत्तर बाईनंच द्यावं असंही बंधन नव्हतं. तिच्या हातात बाळ, खांद्याला पिशवी आणि दातांत टोपड्याची नाडी असे, त्यामुळे उत्तर सोबतचं माणूस देई. शंभरातल्या सत्याण्णव जणींच्या बाबतीत उत्तर "काही नाही" असं येई. उरलेल्या तिघींच्या सोबतच्या माणसाला प्रश्न ऐकू गेलेला नसे. या आकड्यांच्या आधारे प्रसूतिगृहानं वार्षिक अहवालात अभिमानानं नमूद केलं होतं की, या शहरातल्या बायका बाळंतपणातून संपूर्ण बऱ्या होतात, त्याही सहा आठवड्यांत, आणि त्याही नेमक्या तपासणीच्या दिवशी.

अशा या शहराच्या वाद्यपथकात एक ट्रंपेटवाली होती. प्रसूतिगृहाच्या केसपेपरवर तिचं नाव 'बाळाची आई' असं होतं. पण आपण तिला ट्रंपेटवालीच म्हणू, कारण तिला परत ट्रंपेटवाली व्हायचं होतं आणि ही सगळी हकिकत तेवढ्यासाठीच घडली.

वाद्यपथकाचं काम म्हणजे पुलांची उद्घाटनं, साहेबांचे निरोप आणि शाळांची बक्षिसं. प्रत्येक समारंभ सलामीनं सुरू होई आणि सलामी एकट्या ट्रंपेटची. तिच्या शेवटी एक वरचा सूर असे. प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठून नीट उभे राहीपर्यंत तो धरून ठेवायचा. (पाहुणे जितके मोठे तितका सूर लांब, कारण मोठ्या पाहुण्यांना उठायला वेळ लागतो.) सात वर्षं हा सूर तिचा होता. पथकाचा गणवेश म्हणजे निळा कोट आणि पांढरी शुभ्र विजार. विजार पांढरी का, तर लांबून दिसावी म्हणून.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. वरचा सगळा संसार ती तोलून धरते. ट्रंपेटचा वरचा सूर काढायला पोटातून जोर लावावा लागतो. तो जोर जेवढा वर जातो तेवढाच खाली येतो आणि खाली त्याला ही झोळी अडवते. बाळंतपणात झोळी ताणली जाते, कधी फाटते. हे सगळं ट्रंपेटवालीला पुढे कळलं. आधी कळलं ते एवढंच की, एका दुपारी बाळाला झोपवून, स्वयंपाकघराचं दार लावून तिनं ट्रंपेट ओठांना लावलं आणि वरचा सूर घेतला. सूर अगदी स्वच्छ लागला. बाकी फरशी पुसावी लागली.

मग शिंकताना तेच. खोकताना तेच. जिना उतरताना, बाळाला पाळण्यातून उचलताना, बस धरायला चार पावलं धावताना, आणि हसताना. तिनं सर्वांत आधी हसणं बंद केलं, कारण बंद करायला तेच सगळ्यात सोपं होतं. बाळ रात्रीचं झोपू देत नाही म्हणून ती गप्प-गप्प असते, असं घरात सगळ्यांनी ठरवलं आणि तिनंही ते चालू दिलं.

बँडमास्तर भला माणूस. तो बाळाला बघायला आला तेव्हा म्हणाला, "तू अगदी सावकाश ये. घाई नाही. फक्त नव्या नाट्यगृहाचं उद्घाटन आहे, त्याची सलामी तूच वाजव. आणि समज नाहीच जमलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे त्रिकोण रिकामा आहे."

त्रिकोण म्हणजे लोखंडाची एक वाकवलेली सळई. तिच्यावर दुसऱ्या सळईनं संध्याकाळभरात दोनदा टिंग करायचं असतं. आधीचा त्रिकोणवाला निवृत्त झाला होता आणि ही गोष्ट अजून कुणाच्या लक्षात आली नव्हती. बँडमास्तर गेल्यावर ट्रंपेटवाली बराच वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला त्रिकोण नको होता. तिला तो सूर हवा होता.

तिचा नवरा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होता. रस्त्यावर एक नळी टेकवून, तिला कान लावून, जमिनीखाली कुठं पाणी झिरपतंय ते तो सांगे. हाताखालची माणसं त्याला 'कान' म्हणत. इतका तरबेज माणूस घरातच आहे, म्हटल्यावर तिनं सकाळच्या चहाला धीर केला.

"ऐक ना. मला थेंब-थेंब होतं."

"कसलं?"

"लघवीचं. शिंकले की. हसले की. ट्रंपेट वाजवलं तर विचारूच नकोस."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. त्याला बायकोची कणव आली, पण कणव कशी दाखवायची हे न सुचल्यामुळे त्यानं कामाचं विचारलं. "सतत, की दाब वाढल्यावर?"

"दाब वाढल्यावर."

"मग मुख्य वाहिनी शाबूत आहे," तो सुस्कारा सोडून म्हणाला. "तक्रार नोंदवलीस का? आमच्याकडे तक्रार नोंदवल्याशिवाय गळती धरत नाहीत."

"कुठं नोंदवणार? सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तू 'काही नाही' म्हणालास."

"मला काही नव्हतंच," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

तेव्हा दोघं बाळाला घेऊन पुन्हा प्रसूतिगृहात गेली. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन केलं, ते वाढलेलं पाहून ट्रंपेटवालीचं अभिनंदन केलं आणि मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं. "अहो, मूल झाल्यावर एवढं-तेवढं व्हायचंच. नॉर्मल आहे." ('नॉर्मल' हा वैद्यकीय शब्द आहे. 'बाकीच्याही बोलत नाहीत' असा त्याचा अर्थ.) एरवी बायका इथं उठतात. ट्रंपेटवाली उठली नाही.

"मला ट्रंपेट वाजवायचंय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई चपापल्या. फार अवघडल्यासारखं होतं, लाज वाटते, रडू येतं, असली कारणं त्यांनी पुष्कळ ऐकली होती आणि त्यांवर इलाज नव्हता. पण हे सरकारी कामाचं कारण होतं. त्यांनी ताबडतोब तिची रवानगी तळमजल्यावरच्या 'श्रोणितल दृढीकरण वर्गा'त केली. (श्रोणितल म्हणजे तीच झोळी. पाटीवर मावावं म्हणून हे नाव बारीक अक्षरांत लिहिलं होतं आणि बारीक अक्षरांत होतं म्हणून कुणी वाचत नव्हतं.)

हा वर्ग त्या संस्थेचा मानबिंदू होता. त्याला तीन नियम होते आणि ते तीन सहृदय अधिकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी केले होते. पहिल्या अधिकाऱ्यानं पाहिलं की आत जमिनीवर चटया असतात आणि तान्ही बाळं पायाखाली यायची भीती असते. म्हणून बाळांना आत मनाई केली. दुसऱ्यानं पाहिलं की अंगावर पिणाऱ्या बाळाला आईपासून दूर ठेवणं क्रूरपणाचं आहे. म्हणून बाळाजवळ आईनंच थांबावं, असं ठरवलं. तिसऱ्यानं पाहिलं की सोबत आलेली माणसं बोळात उभी राहून गप्पा मारतात आणि वाट अडवतात. म्हणून सोबतच्या माणसानं बोळात थांबू नये, आत यावं, असा आदेश काढला. प्रत्येक नियमामागे माणुसकी होती. तिन्ही नियम एकत्र लागू केल्यावर आई आणि बाळ बाहेर बाकावर बसू लागली आणि सोबतची माणसं आत चटईवर ओटीपोटाचा व्यायाम करू लागली.

याला कुणी हरकत घेतली नाही, असं नाही. ट्रंपेटवालीनं पहिल्याच दिवशी घेतली. दारावर एक मावशी होत्या आणि त्यांच्या हातात दाराची मूठ होती.

"मावशी, मीच आत जाते ना. हा धरेल बाळाला."

"त्यांना बोळात थांबता येत नाही, बाई."

"मग बाळाला घेऊन आत येते."

"बाळाला आत घेत नाहीत."

"अहो, पण त्रास मला आहे!"

"म्हणूनच म्हणते, तुम्ही बसा. बाळंतपणातनं उठलेल्या तुम्ही, तुम्हाला कशाला दगदग?" मावशींनी मायेनं तिला बाकावर बसवलं आणि नवऱ्याला आत घालून दार लावलं.

आत चौदा जण होते. नवरे, सासवा, एक दीर, एकीची शेजारीण, आणि एक आजोबा, जे गेल्या वर्षी नातीच्या वेळी आले होते आणि पुढे येतच राहिले. त्यांना शिकवणारी ताई तरुण आणि मनापासून कष्ट घेणारी होती. समोर आलेल्या माणसाला बरं करायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं, आणि समोर हीच माणसं येत होती. "आवळा," ती हळुवारपणे सांगे, "धरून ठेवा, श्वास रोखू नका," आणि मग मोठ्यानं, "सोडा!" दाराबाहेर बाकावरच्या बायकांना फक्त शेवटचा शब्द ऐकू जाई. त्यांतल्या काही जणी इमानदारीनं तेवढं करत.

आत मिळवलेलं ज्ञान सोबतच्या माणसानं घरी नेऊन बाळाच्या आईला द्यावं, अशी व्यवस्था होती. नवऱ्यानं ते त्याच संध्याकाळी दिलं.

"सोपं आहे. आवळायचं."

"काय आवळायचं?"

"सगळं. म्हणजे... खालून. श्वासाचं काहीतरी होतं, पण तेव्हा मला खात्याचा फोन आला."

नवऱ्यामार्फत घरात येणाऱ्या सगळ्याच निरोपांचा मधला भाग गळलेला असतो, त्यामुळे तिला यात वावगं वाटलं नाही. तिनं श्वास रोखला, पोट आवळलं, दात आवळले आणि आठवडाभर नेमानं जोर लावला. त्रास वाढला. "म्हणजे लागू पडतंय," नवरा म्हणाला.

त्याला स्वतःला मात्र उत्तम लागू पडलं. महिन्याभरात त्याचं ओटीपोट असं काही तयार झालं की, ताईनं त्याला पुढच्या रांगेत बसवलं. तो ऑफिसात मुद्दाम जोरात शिंकू लागला. पाण्याच्या दोन बाटल्या पिऊन तीन तास रस्त्यावर काम करू लागला आणि हाताखालच्या माणसांना ते सांगू लागला. वर्गाच्या अहवालात 'लाभार्थींपैकी सर्वांना फायदा' असा उल्लेख झाला. बाहेरच्या फळ्यावर फोटो लागला. त्यात चौदाही लाभार्थी अंगठा वर करून उभे होते आणि मागच्या काचेतून बाकावर बसलेल्या काही बायका पुसट दिसत होत्या.

महिन्यानं त्याला वर्गासाठी खात्यातून मिळणाऱ्या सवलती संपल्या आणि सोबतीला सासूबाई येऊ लागल्या.

सासूबाईंचा नातेवाइकांत दरारा होता. त्या हसत नसत. कुणी कितीही विनोद करो, त्या ओठ मिटून, पायावर पाय टाकून बसत आणि विनोद करणाऱ्याकडे अशा बघत की तो पुढच्या वेळी विनोद आणत नसे. धाकट्या जावा त्यांना मागे 'न्यायाधीश' म्हणत. वर्गातही त्या न्यायाधीशासारख्याच बसल्या. ताईनं सांगितलेलं मुकाट्यानं करत गेल्या आणि घरी आल्यावर सुनेला विशेष काही बोलल्या नाहीत. त्यांना सांगायची लाज वाटे. सुनेला विचारायची वाटे. असे दोन-तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी, सगळे टेबलाशी बसलेले असताना, नवऱ्यानं आपलं कसब दाखवायचं ठरवलं. "हे बघा," म्हणून तो पेलाभर पाणी घटाघटा प्यायला, मग त्यानं नाकात कागदाची सुरळी घातली आणि लागोपाठ पाच शिंका दिल्या. पाचवीला खुर्चीचा मागचा पाय सरकला आणि श्रोणितल दृढीकरण वर्गाचा हा मानकरी पाय वर करून जमिनीवर आडवा झाला. तशाही अवस्थेत तो ओरडला, "पण एक थेंब नाही!"

आणि सासूबाई हसल्या.

आधी खाली मान घालून, मग मान वर करून, मग टेबलावर हात आपटत हसल्या. घरात भूकंप झाल्यासारखे सगळे टेबल धरून बसले. हसता हसता त्या एकदम थांबल्या. क्षणभर अंग चोरून, कानोसा घ्यावा तशा बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की काहीच झालेलं नाही, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

मुलगा पाठ चोळत बाहेर गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "हा झाल्यापासून असंच होतं बघ माझं. चौतीस वर्षं."

"आई, तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी? तुझे सासरे म्हणायचे, हिचा स्वभावच गंभीर. विनोदी नाटक आलं की मला सोडून जायचे, हिला आवडत नाही म्हणून. अगं, मला इतकं आवडायचं नाटक." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला वाटायचं, असंच असतं. आणि तू दोन महिने माझ्यासमोर तसंच ओठ मिटून बसतेस, ते मी बघतेय. मला कळलं होतं. मी बोलले नाही. चुकलंच माझं."

 ट्रंपेटवालीला सासूबाईंची कीव आली, रागही आला, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. चौतीस वर्षं म्हणजे काय, ते समोर बसलेलं होतं. उद्घाटन जवळ आलं होतं आणि तिला अजून वरचा सूर बदलायच्या कपड्यांची जोडी जवळ ठेवल्याशिवाय घेता येत नव्हता.

"उद्या वर्गाला तुझ्या नवऱ्यालाही बरोबर घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि दूध काढून बाटलीत भरून घे."

दुसऱ्या दिवशी त्या बोळातून पुढे झाल्या, बाळाला सुनेच्या हातून घेतलं आणि बाकावर जाऊन बसल्या.

मावशींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सोबतचं कोण?"

"ही," सासूबाईंनी सुनेकडे बोट केलं.

"आणि बाळाची आई?"

"मी."

"आजी, चेष्टा करता का?"

"चेष्टा मी कालपासूनच करायला लागलेय, पण ही चेष्टा नाही. मला मूल झालंय. ते काय." त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या मुलाकडे हात केला. "झालं तेव्हा लहान होतं. माझी तपासणी तेवढी राहून गेली."

मावशींनी मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांनी मनातल्या मनात नियम फिरवून पाहिले. मूल किती जुनं असावं, याबद्दल कुठंच काही म्हटलेलं नव्हतं. "आणि हे मांडीवरचं?"

"ते माझ्या बाळाचं. बाटली आणलीय, रडलं तर पाजीन."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाल्या. नियमात बसणारी माणसं त्यांना मनापासून आवडत. त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू रे, बोळात फिरायचं नाही. आईजवळ बस." 'कान' निमूटपणे आईजवळ बसला. "सोबतच्या बाई, चला तुम्ही आत."

अशा रीतीनं, बाळाची आई म्हणून जिला आत जाता आलं नव्हतं, ती सोबतीण म्हणून आत गेली.

नव्या माणसाची ताई आधी पडद्याआड तपासणी करत असे. तिनं ट्रंपेटवालीला काय करणार ते समजावलं, दुखलं तर लगेच सांगा म्हणाली, हातमोजा चढवला आणि तपासता तपासता थबकली.

"अहो, तुम्हाला तर मूल झालंय!"

"हो."

"कधी?"

"चार महिने झाले."

"मग सोबत कशा आलात? तुम्ही बाहेर बसायला हवं."

"बसले की. दोन महिने."

 ताईच्या सबंध नोकरीत बाळंत झालेली बाई त्या पडद्याआड पहिल्यांदाच आली होती. तिनं पुस्तकात वाचलेलं सगळं आठवून आठवून, सावकाश तपासलं. "उजव्या बाजूला स्नायू फाटला होता. अर्धवट भरलाय. डावी बाजू चांगली आहे. आणि मी आवळा म्हटलं की तुम्ही वर उचलत नाही, खाली ढकलताय. हे उलटं कुणी शिकवलं?"

"नवऱ्यानं."

"असं कसं? त्यांना तर फार छान जमतं!" ताई बावरून म्हणाली. मग तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे सुधारतं. तीन-चार महिने नीट केलं तर पुष्कळ सुधारतं. कुणीतरी आधी हात लावून बघायला हवं होतं, एवढंच."

ट्रंपेटवाली त्या अरुंद टेबलावर पडल्या पडल्या रडली. आपण कायमच्या बिघडलो, असं ती इतके दिवस धरून चालली होती. आणि आता कुणीतरी सांगत होतं की बिघाड फक्त उजव्या बाजूला आहे. इतकी चांगली बातमी तिला बाळ झाल्यापासून कुणी दिली नव्हती.

पुढचं फार नाही. सासूबाई बाहेर आणि सून आत, असा क्रम चालू राहिला. नाट्यगृहाचं उद्घाटन, प्रमुख पाहुण्यांना वेळ नसल्यामुळे, दोनदा पुढे गेलं. (दिरंगाईनं एखाद्या स्नायूचं भलं झाल्याची सरकारदरबारी ही पहिलीच घटना.) प्रसूतिगृहानंही आपल्या परीनं दखल घेतली. 'सोबतीस आलेली एक व्यक्ती बाळंत असल्याचे आढळले,' असं अहवालात नमूद करून, यापुढे आत येणाऱ्या प्रत्येकाकडून आपण नजीकच्या काळात बाळंत झालेलो नाही, असं लिहून घ्यावं, अशी शिफारस करण्यात आली. ती लगेच मंजूर झाली.

उद्घाटनाला पाहुणे आले ते चांगलेच मोठे होते. ट्रंपेटवाली निळा कोट आणि पांढरी विजार घालून रंगमंचाच्या कडेला उभी राहिली. तिला घाम फुटला होता. श्वास सोडत तिनं खालून वर उचललं, धरलं, आणि वरचा सूर घेतला. पाहुण्यांनी खुर्चीच्या एका हातावर जोर दिला, जमलं नाही; दुसऱ्या हातावर दिला; कुणीतरी काखेत हात घातला. सूर तसाच होता. पाहुणे सरळ उभे राहिले, कोट नीट केला, समोर पाहून नमस्कार केला, तेव्हा कुठं तिनं तो सोडला. विजार शुभ्र होती. दुसऱ्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले. बँडमास्तर, डॉक्टरीणबाई, पथकातली मंडळी, शेजारीपाजारी. सगळ्यांनी कौतुकानं तिचा हात हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, पण बाळाला कुणाकडे ठेवलंस?"

ट्रंपेटवाली हसली. दोन्ही पाय लांब-लांब रोवून, डोकं मागे टाकून, पोट धरून हसली. तिला थांबवेना, आणि थांबायची गरजही नव्हती.

ही कथा वाचताना एखाद्या ठिकाणी आपल्यालाही हसू आलं असेल. आपण बाई असाल आणि हसण्याआधी नकळत पायावर पाय घेतला असेल, तर काळजी नसावी. ते नॉर्मल आहे. आपण पुरुष असाल तर प्रश्नच नाही, आपली प्रकृती उत्तम आहे. तरीही खात्री करायची असेल, तर घरात आई असेल, बायको असेल, बहीण असेल, तिला आत्ताच विचारून पाहा, "तुला बाकी काही?" ती हातातलं काम न थांबवता "काही नाही" म्हणेल. आपल्याला हायसं वाटेल आणि आपण पान उलटाल.